रोड सायकलचे कॅलिपर ब्रेक कसे निवडावेत: रीचच्या मापापासून पॅडच्या फटीपर्यंत

कॅलिपर ब्रेक म्हणजे रिमला (टायर बसतो त्या कड्याला) दोन्ही बाजूंनी पॅड दाबून सायकल थांबवणारा ब्रेक. तो घेताना सगळ्यात जास्त फसगत होते ती आठ-दहा मिलिमीटरांनी. ब्रेक चांगल्या नावाचा असतो, दिसायला देखणा असतो, पण बसवल्यावर पॅड रिमच्या पट्टीवर न टेकता टायरला घासतात किंवा पट्टीच्या खाली लोंबतात. मग कुणी पॅडच्या खाचेला कानस मारतं, कुणी पॅड तिरके बसवून वेळ मारून नेतं. हे दोन्ही उद्योग धोक्याचे आहेत, आणि मोजपट्टी हातात घेऊन पाच मिनिटं मोजलं तर दोन्हींची गरज पडत नाही.

म्हणून निवडीचा क्रम असा ठेवायचा: आधी रीच, मग बसवण्याची पद्धत, मग लिव्हर किती केबल ओढते ते, मग टायरला जागा किती मिळते ते. या चार चाळण्यांतून जे ब्रेक उरतील त्यांत वजन, रंग, किंमत बघायची. उलट क्रमाने गेलं की परतीचं पार्सल ठरलेलं.

रीच म्हणजे काय आणि तो कसा मोजायचा

ब्रेक फ्रेमला ज्या बोल्टने अडकतो त्या बोल्टच्या मध्यापासून पॅडच्या मध्यापर्यंतचं उभं अंतर म्हणजे रीच. कॅलिपरच्या हातांना खाली लांबट खाच असते आणि पॅड त्या खाचेत वर-खाली सरकतो, त्यामुळे रीच एका आकड्यात न सांगता पट्ट्यात सांगतात. रोड सायकलींत तीन पट्टे वारंवार भेटतात:

- ३९ ते ४९ मिमी: रेसिंगच्या धाटणीच्या बहुतेक फ्रेम. शिमानो कंपनीच्या अलीकडच्या ब्रेकमध्ये (उदाहरणार्थ १०५ मालिकेतला बीआर-आर७०००) हीच मर्यादा ५१ मिमीपर्यंत जाते.
- ४७ ते ५७ मिमी: जाड टायर किंवा मडगार्ड बसावेत म्हणून मोकळी जागा ठेवलेल्या फ्रेम. शिमानो बीआर-आर६५०, बीआर-आर४५१ आणि टेक्ट्रो आर५३९ या मापाचे.
- ५५ ते ७३ मिमी: जुन्या टूरिंग फ्रेम आणि चाकाचं माप बदललेल्या सायकली. टेक्ट्रो आर५५९ इथे हमखास आठवतो.

बाजारात पहिल्या पट्ट्याला कधी ‘शॉर्ट’, कधी ‘स्टँडर्ड’ म्हणतात. दुसऱ्याला कुणी ‘मिड’ म्हणतं, कुणी ‘लाँग’. एकाचा ‘लाँग’ म्हणजे दुसऱ्याचा ‘मिड’. तेव्हा शब्दांवर जाऊ नका, मिलिमीटर विचारा.

मोजणीत चूक टाळायची असेल तर प्रत्यक्ष वापरायचं तेच चाक घ्या आणि ही पद्धत वापरा.

१. चाक सायकलवर असताना आस फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांच्या भागाच्या) खोबणीत पूर्ण टेकला आहे ना, ते बघा. क्विक रिलीज घट्ट करा.

२. जुना ब्रेक काढा. आसाच्या मध्यापासून फोर्कच्या डोक्यावरच्या ब्रेकच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. भोकाचा मध्य नजरेने धरता येत नाही. भोकाची खालची कड धरून मोजा आणि ६ मिमीच्या भोकासाठी त्यात ३ मिमी मिळवा.

३. आता चाक काढून आसाच्या मध्यापासून रिमवरच्या ब्रेकच्या पट्टीच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. पट्टी साधारण ८ ते १० मिमी उंच असते. तिचा मध्य घ्या, वरची कड नाही.

४. पहिल्यातून दुसरं वजा करा. उत्तर आलं तो तुमचा रीच.

५. मागच्या बाजूला हेच सगळं पुन्हा करा. मागचं भोक सीट-स्टेच्या (सीटखालून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दोन नळ्यांच्या) आडव्या पुलात असतं आणि त्याचं अंतर पुढच्यापेक्षा वेगळं निघू शकतं. फोर्क कधीतरी बदललेला असेल तर हा फरक चांगलाच जाणवतो.

जुना ब्रेक जागेवरच असेल आणि पॅड नीट बसत असतील तर आणखी सोपं: बोल्टच्या मध्यापासून पॅडच्या बोल्टच्या मध्यापर्यंत मोजपट्टी धरा. दोन्ही पद्धतींनी मोजून एक-दीड मिलिमीटरपर्यंत जुळलं तर माप बरोबर समजा.

उत्तर पट्ट्याच्या मधोमध आलं तर काही विचार करायचा नाही. ४८ आलं तर दोन्ही पट्ट्यांतले ब्रेक बसतील. अशा वेळी टायर बारीक असेल आणि मडगार्ड नको असेल तर आखूड हाताचा ब्रेक घ्यावा, कारण तो कमी लवतो. २८ मिमी टायर किंवा मडगार्ड हवं असेल तर ४७–५७ घ्यावा. नेमकं ४९ आलं आणि ब्रेकची मर्यादाही ४९ असेल, तर पॅड खाचेच्या अगदी तळाशी बसेल. चालतं, पण पुढे चाक बदललं आणि पट्टी एक मिलिमीटर खाली गेली की अडकलात.

चाकाचं माप बदलणाऱ्यांसाठी हिशेब सरळ आहे. टायरची कड जिथे बसते त्या व्यासातला फरक निम्मा करा, तेवढा रीच वाढतो. जुनं २७ इंची चाक ६३० मिमीचं, ७००सी चाक ६२२ मिमीचं. फरक ८, म्हणजे रीच ४ मिमीने वाढेल. जुन्या सायकलीचा रीच ५० असेल तर ७००सी चाक घातल्यावर ५४ लागेल, ४७–५७ चा ब्रेक पुरेल. ७००सी काढून ६५०बी (५८४ मिमी) घातलं तर मात्र रीच १९ मिमीने वाढतो. ४५ चा ६४ झाला, आता थेट ५५–७३ चा ब्रेक लागणार.

लांब हाताची किंमत मोजावी लागते. केबलच्या बाजूचा हात तेवढाच ठेवून पॅडच्या बाजूचा हात ४५ वरून ६४ वर नेला तर रिमवर पडणारा दाब सुमारे ७० टक्क्यांवर येतो. कंपन्या केबलकडचा हात लांब करून हे थोडंफार भरून काढतात, पण लांब हात लवतो ते लवतोच. म्हणून गरज नसताना ‘जागा असलेली बरी’ म्हणून लांब ब्रेक घेऊ नये.

बोल्ट, नट आणि फ्रेमचं भोक

कॅलिपर ब्रेकच्या बहुतेक रोड फ्रेमना एका बोल्टचा ब्रेक लागतो. ब्रेकच्या पाठीतून ६ मिमीचा बोल्ट निघतो, तो फोर्कच्या डोक्यातून किंवा मागच्या पुलातून आरपार जातो आणि पलीकडून नळीसारखा नट आत शिरून त्याला पकडतो. हा नट ५ मिमीच्या अॅलन कीने आवळतात. त्यासाठी फ्रेमच्या नटाकडच्या बाजूचं भोक ८ मिमीचं असतं. पुढच्या ब्रेकचा बोल्ट मागच्यापेक्षा लांब असतो, कारण फोर्कचं डोकं जाड आणि मागचा पूल बारीक. सुटा ब्रेक घेताना ‘पुढचा’ की ‘मागचा’ हे म्हणूनच नीट वाचून घ्यावं. दिसायला दोन्ही सारखेच.

नट वेगवेगळ्या लांबीचे मिळतात. १२.५, १८, २७ आणि ३२ मिमी ही त्यातली नेहमीची मापं. कार्बन फोर्कचं डोकं जाड असेल तर ब्रेकसोबत आलेला नट बोल्टपर्यंत पोचतो, पण दोन-तीन आट्यांवरच पकडतो. हाताला घट्ट लागतं, आणि जोरात ब्रेक दाबल्यावर आटे सोलून ब्रेक सुटतो. पुढचा ब्रेक सुटून चाकात गेला तर काय होतं ते सांगायला नको. नियम पक्का धरा: नट हाताने फिरवताना किमान सहा पूर्ण फेरे बोल्टवर चढला पाहिजे. कमी चढत असेल तर लांब नट आणा. जास्त लांब नट मात्र आत जाऊन ब्रेकच्या पाठीला टेकतो आणि ब्रेक आवळल्यासारखा वाटूनही डुगडुगत राहतो. तेव्हा एक माप खाली या.

जुन्या पोलादी फ्रेममध्ये दोन्ही बाजूंनी ६ मिमीचंच भोक असतं आणि मागून साधा षटकोनी नट लागतो. तिथे आजचा नळीचा नट शिरत नाही. अशा फ्रेमसाठी साध्या नटाचे, लांब बोल्टचे ब्रेक मिळतात, टेक्ट्रो आर५५९ त्यातलाच एक. ते शोधणं सगळ्यात सुरक्षित. पोलादी फोर्कचं मागचं भोक ८ मिमीचं करून घेण्याची युक्तीही चालते, पण फक्त मागच्या भिंतीचं, आणि ड्रिलवर हात बसलेल्या कारागिराकडूनच. कार्बनच्या फोर्कला ड्रिल लावायचं नाही. इथे अपवाद नाही.

काही फ्रेमना डायरेक्ट माउंट ब्रेक लागतो: मधल्या एका बोल्टऐवजी दोन बाजूंना दोन बोल्ट. फोर्कवर शेजारी शेजारी दोन आट्यांची भोकं दिसली की ओळखायचं. हा ब्रेक जास्त ताठ असतो, पण एका भोकाच्या फ्रेमवर बसत नाही आणि एका बोल्टचा ब्रेक या फ्रेमवर बसत नाही. काही फ्रेममध्ये मागचा डायरेक्ट माउंट ब्रेक खाली, पेडलच्या आसाजवळ असतो. दिसायला सुटसुटीत, पण रस्त्यावरचा सगळा चिखल तिथेच बसतो आणि पॅड बदलायला सायकल उलटी करावी लागते.

लिव्हर आणि कॅलिपर: जोडी जुळली पाहिजे

ही बाब ब्रेकच्या खोक्यावर क्वचितच ठळक छापलेली असते, आणि तक्रारींचं मूळ बहुधा इथेच सापडतं. प्रत्येक लिव्हर दाबल्यावर ठराविक लांबीची केबल ओढते. कॅलिपर तेवढ्याच लांबीसाठी बनवलेला असेल तर ब्रेक हाताला बरोबर लागतो. जोडी चुकली की दोनपैकी एक गोष्ट होते.

लिव्हर जास्त केबल ओढते आणि कॅलिपरला कमी लागते: ब्रेक लगेच टेकतो, हाताला दगडासारखा टणक लागतो, सायकल मात्र थांबत नाही. नवख्याला हा टणकपणा चांगला वाटतो. प्रत्यक्षात जोर कमी मिळत असतो.

लिव्हर कमी ओढते आणि कॅलिपरला जास्त लागते: जोर भरपूर, पण लिव्हर हँडलपर्यंत येते. पॅड थोडे झिजले की लिव्हर हँडलला टेकते, आणि पुढे दाबायला काही उरत नाही.

शिमानोत हे बदल पिढ्यांप्रमाणे झाले आहेत. जुन्या सुपर एसएलआर पिढीनंतर ड्युरा-एस ७९००, अल्टेग्रा ६७०० आणि १०५ ५७०० यांच्यासोबत न्यू सुपर एसएलआर आली, तिच्या लिव्हर जास्त केबल ओढतात. त्यापुढच्या ९०००, ६८०० आणि ५८०० मालिकांसोबत एसएलआर-ईव्ही आली. नव्या लिव्हरला जुना कॅलिपर लावला तर वर सांगितलेला पहिला प्रकार होतो, जुन्या लिव्हरला नवा कॅलिपर लावला तर दुसरा. लिव्हरच्या आतल्या बाजूला किंवा रबरी आवरणाखाली मॉडेलचा क्रमांक कोरलेला असतो; तो वाचा आणि त्याच पिढीचा कॅलिपर शोधा. फक्त ब्रेकसाठी असलेल्या, गिअर नसलेल्या साध्या ड्रॉप लिव्हर बहुधा जुन्या मापाच्या असतात. त्यांच्यासोबत टेक्ट्रोसारखे जुन्या मापाचे कॅलिपर चांगले जुळतात.

आणखी एक जोडी मुळीच जमत नाही: व्ही-ब्रेकची (रिमच्या दोन बाजूंना दोन लांब उभे हात असलेल्या ब्रेकची) लिव्हर आणि रोड कॅलिपर. व्ही-ब्रेकची लिव्हर जवळपास दुप्पट केबल ओढते. सरळ हँडलच्या सायकलवर रोड कॅलिपर बसवणाऱ्यांनी लिव्हरवर कॅलिपर किंवा कँटिलिव्हरसाठीची खूण आहे का ते बघावं. काही लिव्हरमध्ये केबलची गाठ दोन जागी बसवता येते. तिथे आसाच्या जवळची जागा कॅलिपरसाठी.

आणि केबल सुटी करण्याची सोय कुठे आहे, तेही बघून ठेवा. शिमानो आणि स्रॅममध्ये ही कळ कॅलिपरवर असते, कँपाग्नोलोत लिव्हरवर. कँपाग्नोलोची लिव्हर काढून दुसरी लावली आणि कॅलिपर तोच ठेवला, तर ही सोय कुठेच उरत नाही. मग पंक्चर काढताना फुगलेलं चाक पॅडच्या मधून निघत नाही, हवा सोडूनच काढावं लागतं.

पुढचा आणि मागचा: दोन्हींवर सारखा खर्च नको

ब्रेक लावला की सायकलस्वाराचं वजन पुढे जातं. पुढचं चाक रस्त्यावर दाबलं जातं, मागचं हलकं होतं. हलक्या चाकावर कितीही जोर लावला तरी ते फक्त घसरतं. कोरड्या रस्त्यावर फक्त मागच्या ब्रेकने थांबायला पुढच्याच्या जवळपास दुप्पट अंतर लागतं. शिवाय मागची केबल लांब, वळणं जास्त, घर्षण जास्त. म्हणून तोच ब्रेक मागे लावला तरी हाताला मऊ लागतो.

यातून निघणारा व्यवहार सोपा आहे. पैसे मोजके असतील तर आधी पुढचा ब्रेक चांगला घ्या. मागे मध्यम प्रतीचा ब्रेक, नवी केबल आणि चांगले पॅड पुरतात. कँपाग्नोलोने एके काळी पुढे ड्युअल पिव्हट आणि मागे सिंगल पिव्हट अशी जोडी विकली, त्यामागे हाच विचार होता: मागे जोर कमी मिळाला तर चाक उगाच लॉक होत नाही, आणि वजनही वाचतं.

सिंगल पिव्हटमध्ये दोन्ही हात एकाच मधल्या बोल्टवर फिरतात. हलका असतो, रिमला थोडा आऊट (डावी-उजवी डगमग) असला तर त्याच्याबरोबर डुलतो, पण जोर कमी. ड्युअल पिव्हटमध्ये एक हात मध्यावर आणि दुसरा बाजूच्या वेगळ्या पिनवर फिरतो. जोर जास्त मिळतो आणि ब्रेक मध्यावर राहतो. त्या बदल्यात पॅड रिमच्या जास्त जवळ ठेवावे लागतात, म्हणून चाकाचा आऊट काढलेला असला पाहिजे. पुढे ड्युअल पिव्हटच घ्यावा. मागे काहीही चालतं.

दोन्ही ब्रेक एकाच मॉडेलचे असलेच पाहिजेत असं नाही, पण दोघांची केबल ओढण्याची पिढी एकच असावी. नाहीतर एका हाताला लिव्हर अर्ध्यात टेकते आणि दुसऱ्या हाताला हँडलपर्यंत येते, आणि घाईच्या क्षणी हात गोंधळतात.

टायरला जागा

फ्रेममधून ३० मिमीचा टायर जातो म्हणून ब्रेकमधूनही जाईल असं धरू नका. कॅलिपरची कमान टायरच्या डोक्यावरून जाते, आणि आधी तिथेच अडतं. शिमानोच्या ५८०० आणि ६८०० पिढीचे कॅलिपर २५ मिमीपर्यंतच्या टायरसाठी होते, आर७०००, आर८००० आणि आर९१०० हे २८ मिमीपर्यंतच्या. हा आकडा टायरवर छापलेला, पण रुंद रिमवर चढवलेला २८ चा टायर प्रत्यक्षात ३० भरू शकतो. टायर पूर्ण हवेने फुगवून कॅलिपर-गेजने मोजा. टायर आणि कमान यांत ३ ते ४ मिमी मोकळे राहिले पाहिजेत. टायरला चिकटलेला बारीक खडा त्या फटीतून जाऊ शकला पाहिजे.

रुंद रिमचा दुसरा त्रास जुन्या कॅलिपरना होतो. ते साधारण २० मिमी रुंदीच्या रिमसाठी बनले, आणि २६-२७ मिमी रिमवर केबल पूर्ण ढिली केल्याशिवाय पॅड उघडतच नाहीत. हात बाहेर फाकलेले राहतात, पॅड रिमवर तिरके टेकतात. नवे पॅड घासून पातळ करण्यापेक्षा नव्या पिढीचा कॅलिपर घेणं शहाणपणाचं.

हातात घेऊन काय तपासायचं

चांगल्या कॅलिपरचे हात घडाई केलेल्या अॅल्युमिनियमचे, भरीव आणि पिनजवळ जाड असतात. स्वस्तातल्या ब्रेकचे हात पत्र्यातून कापल्यासारखे चपटे दिसतात. पॅडच्या टोकांना धरून दोन्ही हात विरुद्ध दिशेने पुढे-मागे ढकला, लवचिकता हाताला कळते. पॅडचा भाग धातूच्या खोक्यात बसवलेला आणि बदलता येणारा आहे का ते बघा. रबर एकसंध ओतलेलं असेल तर प्रत्येक वेळी पूर्ण शू बदलून पुन्हा कोन जुळवत बसावं लागतं. पॅडच्या बोल्टखाली अंतर्गोल-बहिर्गोल वॉशरची जोडी हवी. ती नसेल तर पॅड फक्त वर-खाली सरकतो, त्याचा कोन बदलता येत नाही.

वापरलेला ब्रेक घेत असाल तर बाजूच्या पिनजवळ धरून हलवा. कणभर खडखड चालते, पुढे-मागे स्पष्ट हलत असेल तर घेऊ नका. केबल जुळवायचा फिरता नट हाताने फिरतो का, स्प्रिंग दोन्ही हात सारखे परत आणते का, आणि पॅडच्या खाचेच्या टोकाशी केसासारखी रेघ आहे का, हे उजेडात बघा. तिथेच तडा जातो.

पॅड रिमप्रमाणे

पॅडची निवड ब्रेकइतकीच महत्त्वाची आहे, आणि खर्च त्याच्या काही अंशाएवढा. अॅल्युमिनियमच्या रिमला अॅल्युमिनियमसाठीचे पॅड, कार्बनच्या रिमला कार्बनसाठीचेच. साधा पॅड लांब उतारावर कार्बन रिमला इतका तापवू शकतो की त्यातलं राळ मऊ पडतं. अॅल्युमिनियमच्या रिमवर वापरलेले पॅड कार्बनच्या रिमवर लावू नयेत. त्यांत रुतलेले धातूचे कण रिमवर चरे पाडतात. दोन प्रकारची चाकं असतील तर दोन संच ठेवा आणि खोक्यासकट बदला.

साचा बघून घ्या. शिमानो आणि स्रॅमच्या खोक्यात बसणारा पॅड कँपाग्नोलोच्या खोक्यात बसत नाही.

बसवताना

लागणारी हत्यारं: २, ४ आणि ५ मिमीच्या अॅलन की, टॉर्क रेंच, केबल कापायची धारदार कात्री (पकडीने कापली तर तारा पिसकटतात), ग्रीस, स्वच्छ फडकं.

बोल्टच्या आट्यांना थोडं ग्रीस लावून ब्रेक जागेवर ठेवा आणि नट हाताने चढवा. सहा फेरे मोजा. चाक पूर्ण बसवा, दोन्ही हातांनी पॅड रिमवर दाबून ब्रेक मध्यावर आणा आणि तसाच धरून नट ८ ते १० न्यूटन-मीटरने आवळा. कार्बन फोर्क असेल तर फोर्कवर दिलेली मर्यादा पाळा.

आऊटर (केबलचं बाहेरचं आवरण) ५ मिमीचं, ब्रेकचंच घ्यायचं. गिअरचं आऊटर बाहेरून जवळपास तसंच दिसतं, पण त्यातल्या तारा लांबीच्या दिशेने सरळ असतात, आणि जोरात ब्रेक दाबल्यावर ते फुटू शकतं. आतली केबल १.५ किंवा १.६ मिमीची, रोड लिव्हरसाठी नासपतीच्या (पेअरच्या) आकाराची गाठ असलेली. आऊटर कापल्यावर तोंड चपटं झालेलं असतं. ते कानशीने सपाट करा आणि आतली नळी टोकदार वस्तूने पुन्हा गोल करा. मऊ ब्रेकच्या कितीतरी तक्रारी या एका पायरीने मिटतात. रोड कॅलिपरमध्ये केबल सहसा स्वाराच्या उजव्या बाजूने उतरते. त्यामुळे पुढचा ब्रेक उजव्या लिव्हरला जोडला असेल तर वळण जास्त घट्ट होतं. आऊटर बोटभर लांब ठेवून वळण मोठं करा आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा, कुठे ताण येत नाही ना.

आता पॅड. खोक्याचं एक टोक बंद असतं, दुसरं उघडं. बंद टोक सायकलच्या पुढच्या दिशेला. ब्रेक लावल्यावर फिरती रिम पॅडला पुढे ओढते. उघडं टोक पुढे असेल तर पॅड खोक्यातून सरळ बाहेर निसटतो आणि रिमवर नुसता धातू घासतो. पुढचा, मागचा, डावा, उजवा अशा खुणा पॅडवर बहुधा असतात, तरीही बंद टोक डोळ्यांनी बघून घ्या. पॅड धरणारा बारीक स्क्रू विसरू नका. त्याला २ मिमीची की आणि १ ते १.५ न्यूटन-मीटर पुरतात.

पॅडची उंची अशी ठेवा की त्याची वरची कड रिमच्या वरच्या कडेपासून सुमारे १ मिमी खाली राहील. ड्युअल पिव्हटमध्ये हात वेगवेगळ्या पिनांवर फिरतात, म्हणून पॅड झिजत गेले की एका बाजूचा पॅड हळूहळू वर चढतो आणि दुसऱ्या बाजूचा खाली उतरतो. वर चढणारा पॅड टायरची भिंत कापू शकतो. नवे पॅड लावून विसरून जाणाऱ्यांचे टायर याच कारणाने एका बाजूने फाटतात. पॅडची पुढची कड मागच्यापेक्षा अर्धा मिलिमीटर रिमच्या जवळ ठेवा. पॅडच्या मागच्या टोकाखाली व्हिजिटिंग कार्ड घडी करून धरायचं, लिव्हर दाबायची आणि पॅडचा बोल्ट ५ ते ७ न्यूटन-मीटरने आवळायचा. कार्ड ओढून घेतलं की फट तयार. ब्रेक किंचाळत असेल तर पहिला उपाय हाच. फट जास्त झाली तर ब्रेक स्पंजासारखा लागतो, तेव्हा हावरेपणा नको.

केबल बांधण्यापूर्वी फिरता नट पूर्ण आत घेऊन एक-दोन फेरे बाहेर आणा आणि कॅलिपरची कळ बंद स्थितीत आहे ना ते बघा. उघड्या कळीवर केबल बांधली तर ती बंद करायला जागाच उरत नाही. पॅड रिमवर हलके दाबून केबल ओढा आणि बोल्ट ६ ते ८ न्यूटन-मीटरने आवळा. मग लिव्हर दहा-बारा वेळा पूर्ण ताकदीने दाबा. केबल ताणली गेली असं आपण म्हणतो, खरं तर आऊटरची टोकं आपापल्या जागी बसत असतात. पुन्हा एकदा ओढून बांधा. केबलचं टोक दोन बोटं ठेवून कापा, टोपी दाबून बसवा.

शेवटी ब्रेकच्या वरच्या किंवा बाजूच्या छोट्या स्क्रूने दोन्ही फटी सारख्या करा. हा स्क्रू बारीक जुळवणीसाठी आहे. ब्रेक ढळढळीत वाकडा असेल तर मागचा नट सैल करून पूर्ण ब्रेकच फिरवा, स्क्रू तोडू नका.

रस्त्यावर जाण्यापूर्वी

लिव्हर पूर्ण ताकदीने दाबली तरी हँडलपासून दोन बोटं दूर राहिली पाहिजे. पुढचा ब्रेक धरून सायकल पुढे-मागे हलवा. खट् असा आवाज आला तर एक बोट ब्रेक आणि फोर्कच्या सांध्यावर ठेवा, दुसरं हेडसेटवर (फोर्क फ्रेममध्ये जिथे फिरतो त्या बेअरिंगवर). ज्या बोटाखाली हालचाल जाणवेल तिथला नट बघा. रिम अल्कोहोलने पुसा. नव्या पॅडवर नवी रिम असेल तर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून पंधरा-वीस वेळा सावकाश ब्रेक लावा, तोवर पूर्ण पकड येत नाही.

पहिल्या शंभरएक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा आणि पॅडकडे एकदा वळून बघा. रबरात चकाकणारे ठिपके दिसले तर ते रिममधून निघालेले अॅल्युमिनियमचे कण असतात. सुईने उकरून काढा, पृष्ठभाग पॉलिश पेपरवर दोन-चार वेळा घासा. ते तसेच राहिले तर पावसाच्या दिवसांत रिमला खोल चरे पडतात. रिमवर झीज दाखवणारी रेघ किंवा ठिपका असेल तर तोही बोटाने चाचपा. ती खूण बोटाला लागेनाशी झाली की पॅड कितीही नवे असोत, रिम बदलायची वेळ आलेली असते.